मागच्या वेळेसारखंच

१

श्रीरंगला काहीही झालेलं नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, हातापायाला मुंग्या नव्हत्या. तरी आचोळ्यातल्या त्याच्या घरात गेलं वर्षभर दुसरा विषय नव्हता. चहा पिता पिता त्याचा हात कानशिलावर जायचा आणि सुरुचीचा, त्याच्या बायकोचा, घोट घशातच राहायचा.

"काय होतंय?"

"काही नाही, सुरू."

"मग हात कशाला?"

"बघतोय."

काय बघतोय, हे दोघांनाही ठाऊक होतं. श्रीरंगचे वडील पन्नाशीच्या आतच मेंदूतली रक्तवाहिनी फुटून गेले होते. मग चार वर्षांपूर्वी, एप्रिलातल्या एका रविवारी सकाळी, त्याचा थोरला भाऊ जितेंद्र. तुळिंजच्या आपल्या घरी टेबलाशी बसून कलिंगड कापत होता. "पंखा जरा बंद करा," एवढं म्हणाला आणि मान टाकली. बाजाराच्या गर्दीतून रुग्णवाहिका बाहेर पडेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आता श्रीरंग भावाच्या त्या वयाला येऊन ठेपला होता.

डॉक्टरांनी सांगितलं, घरातली दोन माणसं अशी गेलीत, तेव्हा मेंदूचा स्कॅन एकदा करून घ्या. साधी गोष्ट होती. पण श्रीरंग हॉस्पिटलातल्या स्कॅन सेंटरच्या पायरीपर्यंत जायचा आणि परत फिरायचा. "दादाला ह्याच दारातून आत नेलं होतं," तो म्हणायचा. "आणि बाहेर कसं आणलं ते मी पाहिलंय. इथे नको."

मग परदेशाचं सुरू झालं. इस्तंबूल, क्वालालंपूर, बँकॉक. जेवताना मोबाईल ताटाशेजारी. कुठे मेंदूबरोबर हृदय, कुठे मेंदूबरोबर समुद्रकिनारा. एका ठिकाणी तर दातही फुकटात साफ करून मिळणार होते. सुरुची तुळिंजच्या शाळेत गणित शिकवायची. तिला ह्या तुलनांचा अंत दिसेना. शेवटी तिनेच पापडीच्या केनीला गाठलं. केनी पूर्वी वसईच्या लोकांना वेलंकणीला आणि जेरुसलेमला न्यायचा. अलीकडे त्याने तपासण्यांच्या सहलीही सुरू केल्या होत्या.

"इथल्या मशीनमध्ये आणि तिथल्या मशीनमध्ये फरक काय हो?" सुरुचीने त्याला सरळ विचारलं.

केनी प्रामाणिक माणूस. "मशीन तेच, टीचर. फरक असा, का तिथं तुम्हाला कोण ओळखत नाय. वाईट कळलं तर हॉटेलात जाऊन हवं तेवढं रडा. इथं मी पापडीत शिंकलो तर नालासोपाऱ्यात विचारतात, सर्दी झाली का म्हणून."

जिथे कोणी ओळखत नाही. श्रीरंगने एवढंच धरलं. स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यासाठी ठेवलेली मुदतठेव मोडली, केनीने दोघांचे पासपोर्ट काढून दिले, आणि दिवाळीच्या सुट्टीत ती दोघं बँकॉकला गेली. आयुष्यात पहिल्यांदाच देशाबाहेर.

२

ते हॉस्पिटल हॉस्पिटलसारखं नव्हतंच. जमिनीवर जाड गालिचा, त्यामुळे कोणाचंच पाऊल वाजत नव्हतं. माणसं एकदम शेजारी येऊन उभी राहायची. दुभाषी म्हणून मनाली नावाची मुलगी होती, मूळची विरारची, नवऱ्याच्या नोकरीपायी तिकडे गेलेली. तिचं मराठी ऐकून सुरुचीला हायसं वाटलं.

मशीनच्या खोलीबाहेर काचेमागे सुरुचीला बसू दिलं. आत एक प्रौढ नर्स श्रीरंगला झोपवत होती. तिने न विचारता त्याच्या गुडघ्यांखाली उशी सरकवली. मग कानात घालायचे बोळे आणले, आणि डाव्या कानासाठी वेगळा, मऊ, डबीतून काढला. काहीतरी हसून म्हणाली.

"काय म्हणाली?" सुरुचीने विचारलं.

"म्हणते, मागच्या वेळी साध्या बोळ्याने डावा कान दुखला होता ना, म्हणून ह्या वेळी आधीच मऊ ठेवलाय."

"मागच्या वेळी?"

मनालीने खांदे उडवले. "रोज किती पेशंट येतात. गोंधळ होतो बायकांचा."

सुरुची हसली. श्रीरंगच्या कानाला आयुष्यात कधी काही झालं नव्हतं. डावा कान जितेंद्रचा. लहानपणी वाहायचा, मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं, तेव्हापासून तो कान डोक्यापासून जरासा सुटून पुढे आलेला होता. जितेंद्र त्यावर केस ओढून घ्यायचा. पण हे इथे कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि जगात डावे कान दुखणारी माणसं काय थोडी आहेत? नर्सने दुसऱ्याच कोणाचं ह्याच्यावर घातलं. संपलं.

एवढ्यात श्रीरंगला त्या नळकांड्यात सरकवलं आणि मशीनची ठोकाठोक सुरू झाली. काच जाड होती, तरी आवाज खुर्चीतून, दातांतून येत होता. आधी हातोडी, मग कोणीतरी दार वाजवावं तसं. थांबायचं. पुन्हा वाजवायचं. सुरुचीला एकदम वाटलं, कोणीतरी उठून ते दार उघडावं आणि हे थांबवावं.

मग ते थांबलं.

३

डॉक्टर वयस्कर आणि फार सभ्य होते. त्यांच्या टेबलावर मोठा पडदा होता आणि पडद्यावर शेजारी शेजारी दोन मेंदू.

"सगळं साफ आहे," मनालीने सांगितलं. "रक्तवाहिन्या छान आहेत. मागच्या वेळेसारखंच. काहीही फरक नाही म्हणतात."

श्रीरंगने डोळे मिटून श्वास सोडला. सुरुचीने मात्र पडद्याकडे बोट केलं. "हे दुसरं कोणाचं?"

"ह्यांचंच. जुनं."

"आम्ही कधी आलोच नाही इथे. त्यांना सांग. पासपोर्टसुद्धा यंदाच काढलाय."

मनालीने सांगितलं. डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, श्रीरंगकडे पाहिलं, आणि कळेल न कळेलसं हसले. मेंदूच्या वळ्या हाताच्या रेषांसारख्या असतात, ते म्हणाले. दोन सख्ख्या भावांच्यासुद्धा जुळत नाहीत. आणि पेनाच्या टोकाने त्यांनी दोन्ही चित्रांतली एक एक वळी जुळवून दाखवली, मास्तरने नकाशातल्या नद्या दाखवाव्यात तशी. जुन्या चित्राच्या कोपऱ्यात महिना आणि साल होतं. सुरुचीने वाचलं. एप्रिल. चार वर्षांपूर्वीचा.

तारीख चुकली असेल, ती मनात म्हणाली. आजचंच चित्र दोनदा चढलं असेल. म्हणून तर तंतोतंत जुळतंय. गणिताच्या बाईला एवढं कळायला हवं.

वातावरण सैल करावं म्हणून असेल, डॉक्टरांनी माऊस फिरवला. "पेशंटना गंमत वाटते ह्याची," मनाली म्हणाली. जुन्या चित्रातल्या मेंदूवर हाडं चढली, हाडांवर कातडी चढली, आणि पडद्यावर एक राखाडी चेहरा तयार झाला. केस नाहीत, भुवया नाहीत, डोळे मिटलेले. पण तो श्रीरंगच होता. नाक, हनुवटी, वरच्या ओठाची कमान. माणूस झोपेत दिसतो त्याच्याहीपेक्षा शांत.

मग डॉक्टरांनी दुसरं, आजचं चित्र घेतलं. ते पाठीमागून सुरू झालं. मान. कवटीचा मागचा भाग. हळूहळू वळू लागलं, आणि डाव्या बाजूने कानाची कड दिसली. डोक्यापासून जराशी सुटून पुढे आलेली.

"पुरे," श्रीरंग म्हणाला.

मराठी येत नसूनही डॉक्टर थांबले. चित्र तिथेच राहिलं, पाठमोरं.

डोकं हलू नये म्हणून त्यांनी वर पिंजरा लावला होता, सुरुचीने स्वतःला समजावलं. त्याने कान दबला असेल, पुढे आला असेल. तिने श्रीरंगच्या कानाकडे पाहायचं ठरवलं. पण विमानात तो सारा वेळ तिच्या डावीकडे बसला होता आणि त्याचा डावा कान खिडकीकडे होता.

४

घरी आल्यावर सगळं छान झालं. हेच सुरुचीला कोणाला सांगता येईना.

श्रीरंगचा हात कानशिलावर जायचा थांबला. तो पोटभर जेवू लागला, कामावर वेळेवर जाऊ लागला, शेजाऱ्यांशी जिन्यात उभा राहून गप्पा मारू लागला. मरणाची भीती गेली की माणूस असा सैल होत असेल, तिला वाटलं. ह्याच्यासाठीच तर ओटा मोडला होता. स्वतःच्याच विनोदावर ती हसली, आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराशी कोणीतरी खाकरलं.

ती पोळ्या लाटत होती. वळून पाहिलं तर श्रीरंग दारात उभा, नजर जमिनीवर.

"घसा धरलाय का?"

"नाही. पाणी हवं होतं जरा."

"मग घे ना."

तो भिंतीच्या कडेने आत आला, तिच्या अंगाला वारासुद्धा लागणार नाही अशा बेताने माठापर्यंत गेला, पाणी घेतलं आणि निघून गेला. लाटणं हातात तसंच राहिलं. असं अंग चोरून चालणं तिने ह्या घरात पूर्वी पाहिलं होतं. नवी नवरी होती तेव्हा. तिच्या सासरची, तावड्यांच्या घरची जुनी रीत: धाकट्या भावाची बायको आत असेल तर थोरल्या दिराने दाराशी खाकरायचं, आणि मगच पाऊल टाकायचं. जितेंद्रने ती रीत शेवटपर्यंत पाळली. ती कितीदा म्हणायची, भावजी, आता कोण पाळतं हे? तो नुसता हसायचा.

मग ते रोजचंच झालं. खाकरून आत येणं. तिच्याकडे न पाहता बोलणं. उकडतं असं सांगून त्याने अंथरूण हॉलमध्ये नेलं; नोव्हेंबर संपत आला होता. सगळ्यांत वाईट म्हणजे 'सुरू' गेलं. लग्नापासून तो तिला सुरू म्हणत आला होता. आता म्हणायचा सुरुची. पूर्ण नाव, नीट, आदराने.

तिने त्याला पकडायचं ठरवलं. एका दुपारी तो पेपर वाचत बसलेला असताना सहज म्हणाली, "लग्नानंतर आपण पहिल्यांदा कुठे गेलो होतो, आठवतं?"

"देवगडला," तो लगेच म्हणाला.

तिच्या छातीवरचा दगड उतरला. आठवतंय. सगळं आठवतंय ह्याला. मीच वेडी.

"तुम्ही दोघं तेव्हा एका दिवसात परत आला होतात," तो पेपरचं पान उलटत म्हणाला. "श्रीरंगला ताप भरला होता."

सुरुची उठली, आत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. बाहेर पेपरचं पान तेवढं पुन्हा उलटलं.

५

शनिवारी शाळा सुटल्यावर ती घरी गेलीच नाही. तुळिंजच्या बाजारातून वाट काढत संपदाकडे गेली. संपदा म्हणजे जितेंद्रची बायको, सुरुचीची जाऊ. चार वर्षं एकटीच राहत होती. सुरुचीला वाटलं, ताई हसेल. म्हणेल, अगं, तुझा नवरा परदेशातून जास्तच सभ्य होऊन आला. तिला कोणीतरी असं म्हणायला हवं होतं.

संपदा हसली नाही. ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

"खाकरतो?"

"हो."

"आणि झोपायला बाहेर."

"हो, ताई."

संपदाने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "ह्यांचं शेवटचा पंधरवडाभर काय चाललं होतं ते मी तुला कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही. लाज वाटली."

"काय?"

"मला वहिनी म्हणायचे."

खाली बाजारात कोणीतरी भाव पुकारत होतं. सुरुचीला ते शब्द ऐकू आले आणि अर्थ लागला नाही.

"आधी वाटलं चेष्टा करताहेत," संपदा सांगत होती. "मग वाटलं कुठेतरी दुसरीकडे मन लागलंय. घरात पाहुण्यासारखे बसायचे. चहा दिला की 'राहू द्या, वहिनी' म्हणायचे. त्या दिवशीसुद्धा 'पंखा बंद करा' म्हणाले. करा. बायकोला 'करा' कोण म्हणतं गं? मी तेव्हा हॉस्पिटलात ओरडत होते, आठवतं तुला? गेला तो माझा नवरा नव्हे, म्हणून."

सुरुचीला आठवत होतं. तिनेच संपदाला धरून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, धक्का आहे, झोपेचं इंजेक्शन देऊ.

"ताई, पण तेव्हा श्रीरंग तर माझ्याशेजारी उभा होता. चार वर्षं माझ्याबरोबर राहिला. सुरू म्हणत होता. मला—" आपण नेमकं काय सिद्ध करतोय तेच तिला कळेना.

"होता ना," संपदा म्हणाली. "मीही तेच म्हणते. होता." तिने भाजीचं ताट बाजूला सारलं. "जेवले का नीट?"

"कोण?"

"कुठल्या कुशीवर झोपतात? डावा कान वर ठेवूनच ना?"

सुरुची तिच्याकडे पाहत राहिली. संपदा ह्या घरात आली तेव्हा श्रीरंग कॉलेजात होता. त्याला ती नेहमी अरे-तुरे करायची. 'तो' आणि 'त्याला'. कधीच 'ते' नाही.

"चल," संपदा उठली. "तोंड धुऊन येते मी."

ती आत गेली ती लवकर आली नाही. आली तेव्हा तिने साडी बदलली होती आणि कपाळावर टिकली लावली होती. रिक्षात सुरुची मनात एकेक कारण मांडत होती आणि खोडत होती. मशीनचा परिणाम. भावाचं दुःख उशिरा वर आलं. मानसोपचाराची डॉक्टर, सोमवारी, ओळख काढून. हो, सोमवारी. ताईला उगाच आणलं. ताई चार वर्षं एकटी आहे, तिला काय, तिला कोणीही—

रिक्षा थांबली तेव्हा संपदा आधी उतरली आणि जिन्याने वर निघालीसुद्धा.

६

दार श्रीरंगने उघडलं. दुपारची उन्हं हॉलमध्ये आली होती आणि तो उन्हाला पाठ करून उभा होता, त्यामुळे त्याचा चेहरा अंधारात होता. त्याने आधी सुरुचीकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. मग संपदाकडे पाहिलं.

नजर खाली घेतली नाही.

"किती वेळ लावलास," तो म्हणाला.

संपदाचा हात दाराच्या चौकटीवर होता. "चला घरी," ती म्हणाली.

"थांब. पाकीट घेतो."

सुरुची दोघांच्या मध्ये उभी होती. तिने श्रीरंगचं मनगट धरलं. लग्नात धरलं होतं तेच मनगट, त्यावरचा भाजल्याचा डाग तिच्या हातूनच पडलेला, उकळता चहा सांडून. "श्रीरंग," ती म्हणाली. "माझ्याकडे बघ. एकदा सुरू म्हण. एकदाच म्हण, मग कुठे जायचं तिथे जा."

त्याने हात हिसकला नाही. अगदी हळू, संकोचाने, परक्या बाईचा हात सोडवावा तसा त्याने तो सोडवून घेतला. तिच्यासाठी त्याला मनापासून वाईट वाटत होतं, हे तिला कळलं. रागावला असता तर ती भांडली असती. खोटं बोलला असता तर तिने त्याला ओळखलं असतं.

त्याने चपला घातल्या. उंबऱ्यापाशी थांबला, जमिनीकडे बघत.

"श्रीरंग आला की सांग, सुरुची," तो म्हणाला. "फार घाबरायचा बिचारा. त्याला म्हणावं, आता भिऊ नको. डोक्यात काही नाही."

जिन्यावर दोघांची पावलं वाजली. एकाच चालीने, एकमेकांची सवय असलेल्या माणसांची.

सुरुची गॅलरीत धावली. खाली आवारात मुलांच्या सायकली, धुतलेली गाडी, पाण्याचा ओहोळ. ती दोघं त्या ओहोळाला वळसा घालून फाटकाकडे निघाली होती, संपदा अर्धं पाऊल मागे. हाक मारावी म्हणून सुरुचीने तोंड उघडलं, पण कोणत्या नावाने मारावी ते तिला सुचेना. भावजी म्हटलं तर तो नक्की वळेल, ह्याची तिला खात्री होती. म्हणून तिने तोंड मिटून घेतलं.

तरी तो वळला. फाटकाशी थांबून त्याने मान वर केली. आता ऊन त्याच्या तोंडावर होतं. वाऱ्याने केस डाव्या बाजूला उडाले आणि त्याने ते पटकन कानावर ओढून घेतले. त्या एका क्षणात सुरुचीने जे पाहायचं ते पाहिलं.

तिसऱ्या मजल्यावरून चेहरे नीट दिसत नाहीत, तिने स्वतःला सांगितलं. उन्हाने डोळे दिपतात. आणि माणूस वर बघतो तेव्हा त्याचा चेहरा वेगळाच दिसतो, कोणाचाही.

ती आत आली. दार ओढून घेतलं, पण कडी लावली नाही. मग हॉलमधल्या खुर्चीत बसली आणि श्रीरंगची वाट पाहू लागली.